नाल्याकडचा कोपरा

पोळा होऊन चार दिवस झाले आणि प्रभाकररावांनी वावराचे दोन भाग करायचा दिवस सांगून टाकला. चुली होळीलाच वेगळ्या झाल्या होत्या. एका छपराखाली दोन चुली पेटल्या की वावर फुटायला वेळ लागत नाही, हे गावाला पाठ होतं. दोघांपैकी आधी तोंड कोण उघडतो एवढंच पाहायचं राहिलं होतं.

प्रभाकरराव थोरले, गोपाल धाकटा. बाप गेल्यापासून दोघांनी कामं वाटून घेतली होती. बैलजोडी, वखर, नांगर थोरल्याकडे. तोडलेली भाजी घेऊन आर्वीच्या बाजारात बसायचं धाकट्याकडे. पंचवीस वर्षं एक जण ढेकळांत चालला आणि दुसरा पोतं अंथरून बसला. दोघांनाही मनातून वाटायचं की आपलंच काम जड. असं वाटणं भावांमध्ये नवं नाही, पण ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून पंचवीस वर्षं टिकलं.

वावर पावणेदोन एकराचं. आर्वीहून तळेगावकडे जाताना डाव्या हाताला लागतं. चार धुरे, म्हणजे चार बाजूंचे बांध, आणि चार कोपरे, पण धड चौरसही नाही आणि धड लांबटही नाही. एक कोपरा वर रस्त्याला टेकलेला, एक खाली नाल्यात उतरलेला. पूर्वेच्या कोपऱ्यावर विहीर, पश्चिमेच्या कोपऱ्यावर बिब्याचं जुनं झाड. विहिरीपासून बिब्यापर्यंत रेघ मारली तर दोन तुकडे पडतात, वरचा आणि खालचा, आणि विहीर दोघांच्या हद्दीवर येते. पाण्याचं भांडण नको म्हणून हीच रेघ सगळ्यांना पटली. उभी रेघ मारली असती तर विहीर एकाच्याच पदरात गेली असती. वरचा तुकडा गोपालचा, खालचा प्रभाकररावांचा, हेही ठरलं. फक्त दोन्ही तुकडे सारखे आहेत की नाही, हे पाहायचं होतं.

त्या घराण्यात एक रीत होती. धुरा मोजायचा आणि धुऱ्याचा गोटा रोवायचा तो घरच्या लेकीच्या हातानं. लेक आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तिला दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून तिचा शब्द शेवटचा. प्रभाकररावांना लेक नव्हती. गोपालला एकच, गुंजन. आर्वीच्या शाळेत आठवीला. वावराला रोपं किती लागतील, पंपाचं पाणी किती वाफ्यांना पुरेल, सगळं ती बोटांवर न मोजता सांगायची, आणि गोपाल बाजारात शेजारच्या माळणींना ऐकवायचा, "आमच्या गुंजननं सांगतलं म्हणजे झालं."

त्या दिवशी सकाळी गुंजन कंपासपेटी घेऊनच वावरात आली. भाऊकीतले सगळ्यात जुने नत्थूजी बिब्याखाली घोंगडी टाकून बसले होते. प्रभाकररावांची बायको देवकाबाई नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन विहिरीशी उभी होती. गुंजनची आई उज्वला जरा मागे, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"मोजतं कशी व तू?" नत्थूजींनी विचारलं.

"कोन मोजते आबा," गुंजन म्हणाली. "समोरासमोरचे कोन सारखे आले की तो समांतरभुज. मधून रेघ मारली की दोन भाग बरोब्बर सारखे पडते. सरांनी परवाच शिकवलं."

नत्थूजींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण त्यांनी मान अशी हलवली की जणू त्यांच्या लहानपणीही असंच मोजत होते.

बिब्याच्या कोपऱ्यात गोपालने खुंटी ठोकली. दोन्ही धुऱ्यांवरून दोऱ्या ताणल्या. गुंजन गुडघ्यावर बसली, दोऱ्यांखाली कोनमापक धरलं आणि एक डोळा मिटून पाहिलं. शहाऐंशी अंश. पुन्हा पाहिलं, शहाऐंशी. मग विहिरीच्या कोपऱ्यात तेच केलं. तिथेही शहाऐंशी. तिचा चेहरा फुलला. खरं तर गोपालचाच जास्त फुलला.

"आता वरचा आन् खालचा राह्यला," ती उठत म्हणाली.

खालच्या तुकड्यात तेव्हा बैलांसाठी पेरलेला मका डोक्याच्या वर गेला होता. नाल्याकडचा कोपरा बेशरमीच्या झुडपांत बुडालेला. वरून काहीच दिसत नव्हतं.

"तिकडं नको धाडू तिले," प्रभाकरराव म्हणाले. "परवा घोणस दिसली मले तिथं. येवढी मोठी. पोरीची जात हाये."

"मंग वरचा तरी मोजते, बाबा."

"झालं न व आता," गोपाल म्हणाला. "दोन सारखे आले म्हणते न तू? बारा वाजून राह्यले. आबा उपाशी हाये."

गुंजन थांबली. दोन कोन सारखे आले होते. पुस्तकात समांतरभुजाचं चित्र होतं त्यातही असेच होते. नत्थूजींनी विचारलं, "सांग बाई मोठ्यानं. दोन्ही भाग सारखे हाये का नाई?"

"हो आबा," गुंजन म्हणाली. "सारखे हाये."

प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर तिला ते पाहणं फार आठवलं. ते रागाचं नव्हतं, आनंदाचंही नव्हतं. वखर चालवताना बैल आपणहून वळला की माणूस जसा पाहतो, तसं काहीतरी होतं. "लेकीनं सांगतलं म्हणजे झालं," ते म्हणाले.

तिच्या हातानं बिब्यापाशी एक आणि विहिरीपाशी एक असे दोन गोटे रोवले गेले. तिनं त्यांना हळद लावली, कुंकू लावलं. दोन्ही भावांनी गोट्यावर हात ठेवून शब्द दिला. देवकाबाईनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा गुंजनच्या हातावर ठेवला. घरी जाताना गोपाल उज्वलाला म्हणाला, "पाह्यलं? म्हाताऱ्यानं आपल्या पोरीपुढं मान हलवली."

या तुकड्यावर आता तिघांचं वर्ष निघायचं होतं. त्याच्याशिवाय गोपालकडे दुसरं काही नव्हतं. उज्वला माळ्याचीच लेक आणि माळ्याचीच सून. चांगल्या-वाईट सगळ्या सालांत तिनं घरच्या वावराबाहेर कधी रोजानं खुरपं धरलं नव्हतं. तेवढा एक ताठा तिच्याजवळ होता आणि तो ती जपून वापरायची.

हप्ताभरानं पावसानं उघडीप दिली. फुलगोबीच्या रोपांची मागणी दोघा भावांनी वाटणीच्या आधीच नर्सरीत एकत्र नोंदवली होती. गेल्या साली अख्खं वावर गोबीचं केलं तेव्हा अडीचशे ट्रे लागले होते. म्हणून यंदाही अडीचशे, अर्धे याचे, अर्धे त्याचे. प्रभाकररावांनी मका कापला, खालचा तुकडा वखरला, सऱ्या पाडल्या आणि नाल्याकडून लावणी सुरू केली. गोपालनं रस्त्याकडच्या टोकाकडून.

मका निघाल्यावर उज्वला पहिल्यांदा धुऱ्यावर उभी राहिली आणि खाली थोरल्या दिराच्या तुकड्याकडे पाहत राहिली.

"भासऱ्याचं मोठं दिसते, नाई?"

"उतार हाये तो," गोपाल म्हणाला. "उतारावरचं मोठंच दिसते. आपलं सपाट हाये."

तो रविवार होता. तिघंही पहाटेपासून वाकलेले. गोपाल पुढे ओल्या सरीत काडीनं भोकं पाडत जायचा, मागून उज्वला आणि गुंजन ट्रेमधून रोप अलगद उपसून भोकात सोडायच्या आणि अंगठ्यानं माती दाबायच्या. दोन रोपांत दीड हात, दोन ओळींत दोन वीत अन् थोडं वर. दहा वाजेपर्यंत पाठीचं लाकूड झालं. नखांत काळी माती अशी बसली की बोटं मिटत नव्हती. चिखलात गुडघे रुतायचे आणि उठताना जमीन ते सोडायची नाही. गुंजन एक ट्रे संपला की धुऱ्यावर उपडा टाकायची आणि मनात आकडा धरायची.

दुपारी भाकरी सोडली तेव्हा देवकाबाई धुऱ्यापलीकडे आली. कमरेवर हात ठेवून तिनं लावलेल्या ओळींवर नजर फिरवली.

"उज्वला, तुमच्याकडं ट्रे उरतीन ते आमच्याकडं धाडजो व. आमचे कमी पडते म्हणते हे."

"उरतीन कायले, बाई?" उज्वला हसली. "मोजून आणले न."

"ते म्हणत होते उरतीन," देवकाबाई म्हणाली आणि निघून गेली.

सूर्य बिब्यामागे गेला तेव्हा गोपालची शेवटची ओळ धुऱ्याला लागली. तो कंबर धरून उभा राहिला आणि वळला. बाभळीच्या सावलीत ट्रे तसेच पडले होते, हिरवेगार, भरलेले.

"किती हाये व?"

"वीस," गुंजन म्हणाली.

"वीस कसे उरते? नर्सरीवाल्यानं जास्त धाडले असन."

"नाई बाबा. म्या उतरवताना मोजले. सव्वाशेच होते."

गोपालनं वाकून एका ओळीत काडी टेकवली. मग दुसऱ्या ओळीत. मग उज्वलाकडे पाहिलं. "तूनं अंतर जास्त टाकलं. हात पसरट हाये तुहा. सकाळपासून सांगून राह्यलो."

"भोकं कोणं पाडली?" उज्वला म्हणाली. "म्या का तुमी?"

"काडी धर. मोज."

आणि तिला मोजायला लावलं. चिखलात वाकून, ओळीमागून ओळ, काडी टेकत ती रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. पलीकडे प्रभाकररावांचा गडी बैल सोडता सोडता पाहत होता. सगळीकडे अंतर बरोबर होतं. ती परत आली, काडी त्याच्या पायाशी टाकली. हात धुवायला धुऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

खालच्या तुकड्यात प्रभाकररावांची लावणी नाल्यापासून वर येत येत थांबली होती. धुऱ्याला लागून एक पट्टा रिकामा होता, विहिरीपासून बिब्यापर्यंत, सहा-सात पावलं रुंद. सऱ्या पाडलेल्या, पाणी दिलेलं, आणि रोप नाही.

"इकडं रोप उरलं," उज्वला म्हणाली, "आन् तिकडं माती उरली."

तिनं आठवीचं पुस्तक उघडलेलंही नव्हतं. पण ती बरोबर बोलली होती, आणि ते तिघांनाही कळलं होतं. गोपालनं मात्र ते कळून घ्यायचं नाही असं ठरवलं. "उतार हाये म्हटलं न तो. उतारावर जास्त लागते," तो म्हणाला आणि एकामागून एक वीस ट्रे उचलून भावाच्या धुऱ्यावर ठेवून आला. रोप वाळवून टाकण्यापेक्षा दिलेलं बरं, एवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताचे भोयर सर परत आले होते. मतदारयादीच्या कामावर त्यांना पंधरा-वीस दिवस पाठवलं होतं, आणि चौकोनांचा धडा समांतरभुजापाशी अडकून पडला होता. त्यांनी फळा पुसला आणि एक आकृती काढली. वरच्या दोन बाजू आखूड, खालच्या दोन लांब.

"हा पतंग," सर म्हणाले. "याच्या वरच्या दोन बाजू एकमेकींएवढ्या, खालच्या दोन एकमेकींएवढ्या. आणि कोन? हे डावे-उजवे दोन कोन सारखे असतात. पण वरचा आणि खालचा सारखे नसतात. म्हणजे समोरासमोरच्या कोनांची एकच जोडी सारखी. इथंच पोरं चुकतात. एक जोडी मोजतात, सारखी आली की लिहून मोकळे होतात, समांतरभुज!"

वर्ग हसला. गुंजनच्या हातातली पट्टी बाकाखाली पडली. ती उचलायला वाकली नाही.

"सर," ती उभी राहिली, "डाव्या कोनापासून उजव्या कोनापर्यंत रेघ मारली, तर दोन भाग सारखे नाई होत?"

"कसे होतील? वरचा लहान, खालचा मोठा. उभी रेघ मारली तर सारखे. पतंग उडवला नाहीस का कधी?"

पुन्हा वर्ग हसला. सरांचं काही चुकलं नव्हतं, ते फक्त वरातीमागून घोडं घेऊन आले होते. गुंजन खाली बसली. वहीत तिनं पतंग काढला, डाव्या टोकाशी बिबा लिहिलं, उजव्या टोकाशी विहीर.

ती बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. दप्तरासकट वावरात गेली. आधी रस्त्याकडचा कोपरा मोजला, दप्तरातली सुतळी, तुराटीची काडी आणि कोनमापक घेऊन. एकशे तीन. तो समांतरभुज असता तर तिथं चौऱ्याण्णव यायला हवे होते. हा एक कोपरा तिच्या हाताशी होता, रस्त्यालगत, कोरडा, मोकळा. नारळ फुटायच्या आधी तिनं एवढा जरी मोजला असता तरी झालं असतं. ती उभ्या धुऱ्यानं खाली उतरली. बेशरमीची ओली पानं तोंडावर बसत होती. ती काठीनं झुडपं आपटत पुढे गेली. घोणस नव्हती, बीळ नव्हतं, काही नव्हतं. नाल्याकडचा कोपरा पंच्याऐंशी भरला.

शहाऐंशी, शहाऐंशी, एकशे तीन, पंच्याऐंशी. तीनशे साठ. बेरीज चोख बसली आणि तिला रडू फुटलं. बेरीज चुकली असती तर बरं झालं असतं.

गोपाल ओसरीवर भाजीची टोपली शिवत होता. तिनं सगळं सांगितलं, वही दाखवली, बोटानं बिबा दाखवला, विहीर दाखवली, सहा-सात पावलांचा पट्टा दाखवला. गोपाल ऐकत होता. दाभण टोपलीत तशीच खुपसलेली राहिली.

"म्हंजे तू सांगतलं थे चूक होतं," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

तो ओरडला असता, हात उगारला असता, तर ते गुंजनला सोसलं असतं. त्यानं फक्त वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली, दुसऱ्याची वस्तू परत द्यावी तशी.

सकाळी तो भावाकडे गेला. गुंजनही मागून गेली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. प्रभाकरराव अंगणात वखराची लोखंडी पास घासत बसले होते.

"दादा, वावरात फरक निघून राह्यला."

"कायचा फरक?"

"तुहा भाग मोठा हाये. पोरीनं पुन्यांदा मोजलं. सहा-सात पावलं खालतं सरका लागते धुरा."

प्रभाकररावांनी पास उन्हात धरून पाहिली. "माहीत हाये," ते म्हणाले.

गोपालला आपण नीट ऐकलं असं वाटेना. "माहीत होतं तुले?"

"पंचवीस वर्सं वाह्यलं थे वावर म्या. विहिरीच्या वरतं वखराले किती फेरे लागते आन् खालतं किती, हे मले माह्या पायाईले माहीत हाये. तुले काऊन माहीत नाई? तूई त्याच बापाचा न?"

उत्तर एकच होतं, आणि ते थोरल्यानंच दिलं.

"तू पोत्यावर बसला होता, बाप्पा. सावलीत. म्या उन्हात चाललो. म्या काई खोटं बोललो का? पोरीनं मोजलं, पोरीनं सांगतलं, नत्थूआबानं ऐकलं. म्या फक्त हो म्हटलं."

"घोणस नव्हती तिथं," गुंजन म्हणाली.

प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "साप काय एका जागी बसून राह्यते का, बाई?" ते म्हणाले आणि पुन्हा पास घासू लागले.

मग नत्थूजींकडे. म्हातारा खाटेवर पाय सोडून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोनदा खोकला आणि गोपालला जवळ बसवलं.

"सरकारी मोजणी आणता येते. आणशीन तं निघन फरक. पण गोटा उपटा लागन, गोपाल. लेकीनं रोवलेला गोटा उपटला, तं थे लेक सासरी नांदत नाई. तुह्या आतेचं काय झालं, तुले ठाव हाये न? वर्साच्या आत परत आली. उभा जन्म या घरात काढला तिनं."

"थे नवऱ्यानं टाकली होती, आबा."

"हो. पण काऊन टाकली?"

अशा प्रश्नांवर कधीच कुणाजवळ उत्तर नसतं, म्हणून तर ते पिढ्यानपिढ्या चालतात. गोपालनं हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले आणि उठला.

परतताना वाट बिब्याखालून होती. गोट्यावरचं कुंकू पावसानं धुवून गुलाबी झालं होतं. गुंजन थांबली, दप्तर खाली ठेवलं.

"म्या रोवला, म्याच उपटते," ती म्हणाली. "मी नाई मानत थे. बाबा, मी लग्नच नाई करत. मंग तं झालं?"

तिनं वाकून गोट्याला दोन्ही हात घातले. गोपालनं तिला दंडाला धरून इतक्या जोरात मागे ओढलं की ती बांधावर आपटली. तिच्या आठवणीत त्यानं असा हात तिला कधी लावला नव्हता.

"हात लावजो नको!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "वावर जाऊ दे. पाच आर जमीन गेली तं गेली. तुले काई झालं तं मी काय करू? वावर घेऊन काय चाटू?"

मग तो तिथंच धुऱ्यावर बसला आणि तोंडावर शेला घेतला. गुंजन खरचटलेलं कोपर धरून उभी राहिली. बाप तिच्यासाठी जमीन सोडत होता. ती जमीन तिनंच घालवली होती. या दोन गोष्टी एकत्र कुठं ठेवायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी देवकाबाई ओसरीशी आली. "त्या पट्ट्यात रोप लावा लागते. बाया भेटून नाई राह्यल्या, सगळ्या सोयाबीनवर गेल्या. तुमचं तं उरकलं न, उज्वला? दोघी याल का रोजानं?"

उज्वला सूप पाखडत होती. सूप थांबलं. तिनं गोपालकडे पाहिलं. तो अंगणात फावड्याचा दांडा बसवत होता आणि त्याला तो नीट बसेना. एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते घडायला निमित्त हेच मिळावं, असं तिच्या मनात आलं असेल. तांदळातला खडा तिनं वेचला आणि फेकला.

"येतो," ती म्हणाली.

गुंजनची शाळा त्या दिवशी बुडाली. दोघी धुऱ्यापलीकडच्या रिकाम्या पट्ट्यात उतरल्या. गोपालनं दिलेले वीस ट्रे तिथंच होते. चार दिवसांत रोपांची खालची पानं पिवळी पडली होती, पण मुळं धरून होती. धुऱ्याच्या अलीकडे गोपाल आपल्या गोबीला पाणी देत होता. पाण्याची पाळी आज त्याची होती.

प्रभाकरराव पट्ट्याच्या टोकाशी येऊन उभे राहिले. ओळींकडे, ट्रेंकडे, पुन्हा ओळींकडे पाहिलं.

"गुंजन," त्यांनी हाक मारली, मायेनंच म्हणावं अशी, "किती ओळी बसतीन व या पट्ट्यात? हे रोप पुरन का आणखी आना लागन?"

पलीकडे फावडं थांबलं. हा प्रश्न गोपालचा होता. दर हंगामाला तोच तो विचारायचा, आणि उत्तर आलं की इकडेतिकडे पाहायचा, कुणी ऐकलं की नाही ते. यंदा त्यानं पाण्याचे वाफे स्वतः पावलं टाकून मोजले होते, तिला विचारलं नव्हतं. आता तो फावड्याला टेकून उभा होता आणि खाली सरीतल्या पाण्याकडे पाहत होता.

गुंजनला उत्तर माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं.

"मले नाई येत, मोठेबाबा," ती म्हणाली.

पलीकडे फावडं पुन्हा मातीत गेलं.

दोघी वाकल्या. रोप उपसायचं, भोकात सोडायचं, अंगठ्यानं दाबायचं. दुपारी उज्वलानं भाकरी धुऱ्याच्या त्या बाजूला बसूनच खाल्ली, आपल्या बाजूला आली नाही. ऊन उतरलं तशी आठवी ओळ सुरू झाली, धुऱ्याला अगदी लागून, गोट्याच्या सावलीत. शेवटच्या ट्रेमधलं शेवटचं रोप गुंजननं बिब्याच्या बुंध्याशी लावलं. तिनं मागे वळून पाहिलं. पट्टा भरला होता. एक रोप उरलं नाही, एक कमी पडलं नाही.

"पाह्य," प्रभाकरराव देवकाबाईला म्हणाले, "बरोब्बर पुरलं."

गोपाल धुरा ओलांडून आला. रिकामे ट्रे नर्सरीत परत द्यायचे होते. त्यानं ते एकात एक घातले, डोक्यावर घेतले आणि बायको-लेकीच्या पुढं घराची वाट धरली.